खुलासा : रोजगार हमी जागतिक बँकेने दिलेली नाही

आमच्या बीड-परभणीकडच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : ‘रोजगार हमी ही जागतिक बँकेची कल्पना, दिल्लीने ती 2005 मध्ये आणली; अभ्यासबिभ्यासाने गरिबाचं काही भलं होत नाही.’ हे चुकीचं आहे.

मागेल त्याला सरकारने काम द्यायचं, ही कल्पना इथलीच, महाराष्ट्रातली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात, विसापूरला, ती आधी करून पाहिली. मग 1972 चा दुष्काळ आला. मराठवाड्यातली माणसं बायकापोरांसह खडी फोडायला, पाझर तलाव खणायला गेली. त्या कामावर खायला मिळणारी सुकडी म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते, त्यांनाच विचारा. विधिमंडळाने कायदा 1977 मध्ये केला, तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. 2005 चा केंद्राचा कायदा हा त्यानंतरचा, याच अनुभवावर उभा राहिलेला.

जागतिक बँकेचा संबंध अभ्यासापुरता. 1988 मध्ये रोजगार हमी योजनेची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. बँकेतले अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हेलियन आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की त्यानंतर मागेल त्याला काम ही हमी टिकली नाही. याचा अर्थ मजुरी कमी ठेवा असा मी काढत नाही. मजुरीसोबत सरकारी पैशाची तरतूदही वाढवावी लागते, एवढंच. ही गोष्ट आकडे पाहिल्याशिवाय कळलीच नसती.

मजकूर पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.