दोन ठेवून द्या म्हणणाऱ्यांना

परवा संगमनेरला नणंदेच्या मुलीच्या हळदीत डीजे सुरू झाला आणि माझ्या साडेपाच वर्षांच्या लेकानं अंग टाकलं. पेला भिरकावला, माझ्या दंडाला चावला, फरशीवर डोकं आपटायला लागला. चाळीस मिनिटं मी त्याला गाडीच्या मागच्या सीटवर धरून बसले होते. तेवढ्यात तिघीजणी काचेतून डोकावून एकच औषध सांगून गेल्या, "दोन ठेवून द्या, येईल वठणीवर."

ठेवून बघितल्यात हो. गेल्या वर्षी एकदा हात उचलला. तो रडायचा थांबला, माझ्याकडे बघितलं आणि तेवढ्याच जोरात मला मारलं. दुसऱ्या दिवशी धाकट्या चुलतबहिणीला मारताना म्हणाला, "ऐकत नाहीस ना?" शब्द माझे, सूरही माझाच.

हट्ट मलाही कळतो. हट्टी मूल रडता रडता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं, आई बघतेय का. चेंडू मिळाला की खेळ खलास. इथे मागितलेली वस्तू हातात दिली तरी तीच भिंतीवर जाते. मग थकून झोपतो आणि उठल्यावर विचारतो, "आई, तुला कुठे लागलं?"

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मी इंटरनेट पालथं घातलं. दोघींचा निकाल सारखाच. शेवटी बालविकास तज्ज्ञांकडे गेलो. मुलं सगळ्यात जास्त मारतात-चावतात ती दोन ते चार वर्षांची असताना, पुढे बोलता यायला लागतं तसं कमी होतं, याचं मात्र वाढत होतं. डॉक्टरांनी आधी कान तपासायला पाठवलं. झोप किती, घोरतो का, पोट साफ होतं का, हेच अर्धा तास. मला आजाराचं नाव हवं होतं. अशा उद्रेकांसाठी 2013 साली मानसोपचाराच्या डीएसएम-5 या निदानाच्या पुस्तकात एक लांबलचक निदान आलंय, पण तेही सहा वर्षांच्या आधी देत नाहीत. "इतक्यात शिक्का नको, वही ठेवा," म्हणाले.

वहीत तीन रकाने: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर आपण काय केलं. दोन आठवड्यांनी पहिल्या रकान्यात सारखं तेच दिसायला लागलं. संध्याकाळचे साडेसहा, भूक, मिक्सर, कुकरची शिट्टी. तिसरा रकाना वाचून मात्र नवरा गप्पच झाला. बहुतेक ठिकाणी लिहिलं होतं, "मोबाईल दिला."

म्हणजे तो किंचाळला की आम्ही मोबाईल द्यायचो आणि मोबाईल दिला की तो गप्प व्हायचा. त्याला कळलं की किंचाळून मिळतं, आम्हाला कळलं की देऊन शांतता मिळते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरातल्या या चक्रावरच काम केलंय. आमच्या घरात ते आमच्याच वहीत सापडलं.

मोबाईल बंद केल्यावर आधी वाढेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वाढलं! नऊ दिवस. पाचव्या दिवशी सासूबाईंनी हळूच दिला, त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

त्यातच बालवाडीतून निरोप आला, "दुसरी शाळा बघा." शिक्षणहक्क कायदा, 2009 वाचून काढला. कलम 17 नुसार मुलाला मारायचं नाही, मानसिक त्रास द्यायचा नाही, कलम 16 नुसार शाळेतून काढायचं नाही. पण हे सगळं 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी. माझा लेक अजून सहा महिन्यांनी कायद्यात बसेल.

मिक्सरचं कोडं सोडवलं ते सासूबाईंनीच. एके संध्याकाळी त्याला ओट्याजवळ स्टुलावर उभं केलं, "चटणी वाटायचीय, एक दोन तीन म्हण आणि तूच लाव." एक हात कानावर ठेवून त्यानं बटण फिरवलं. आता घरात दुसऱ्या कुणी मिक्सर लावायची सोय नाही. उद्रेक अजून होतात, पण आठवड्यातून दोनदा. पूर्वी दिवसातून तीनदा व्हायचे.

हळदीत ते जमलं नाही, डीजेचं बटण काही आमच्या हातात नव्हतं. पुढच्या महिन्यात चुलत दिराचं लग्न आहे. सासूबाईंनी आत्ताच फोन करून विचारून ठेवलंय, बँड नक्की किती वाजता येणार.