कानाने पेटी

आजोबांची पेटी माळ्यावरून काढली तेव्हा मला वाटलं, क्लास कशाला लावायचा, आपला कान चांगलाय. सदाशिव पेठेत जन्माला आलं की हा गैरसमज आपोआप होतो, आणि डिसेंबरात सवाईला शाल गुंडाळून दोन-चार वेळा मान हलवली की पक्का होतो.

पहिला आठवडा भात्यातच गेला. सूर सापडला की हवा संपलेली, आणि हवा भरली की बोट भलत्याच पट्टीवर. त्यात काळी तीन दाबली की वर येईचना, ती आपली एकटीच कोकलत बसायची, मग नखाने उचकटायची.

मग खरी मेख कळली. गाण्याचा पहिला सूर म्हणजे सा असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं हो! गाणं गंधारावरून सुरू होतं, निषादावरून होतं, त्याला वाटेल तिथून होतं, आणि मी आपला तिथेच सा मानून पुढच्या काळ्या-पांढऱ्या चाचपतोय. भूप राग त्यातल्या त्यात बरा, मध्यम-निषाद नाहीतच, पाच सुरांत काम. मी ते दोन्ही वाजवले.

बाबा पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, थेट १९७१ पर्यंत. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, तिच्यावर येत नाही म्हणे. मला आता वेगळाच संशय येतोय."

शेवटी ठरवलं, जे रोज कानावर पडतं तेच बसवायचं. म्हणजे घंटागाडीचं गाणं. सतरा दिवस लागले, कुकरच्या शिट्ट्या आणि बायकोचे कटाक्ष धरून. आणि एका रविवारी दुपारी अडीचला ते अख्खं, न अडखळता, झक्क वाजलं.

जिन्यात चपला वाजल्या. गॅलरीतून वाकून पाहिलं तर खालच्या काकू गाऊनवर ओढणी टाकून, एका हातात ओला, दुसऱ्या हातात सुका, गेटपाशी उभ्या, मागे झोपमोड झालेले काका. दोघांनी रस्ता दोन्हीकडून न्याहाळला.

"गेली की हो," काकू म्हणाल्या, "थांबत नाही मेली."

मी हळूच परत पेटीपाशी आलो, भात्याला हात घातला.

"खबरदार," बायको म्हणाली, "त्या आत्ताच वर गेल्यात."