म्हणे, मी तर पहिल्याच दिवशी बोललो होतो!

"मी तर पहिल्याच दिवशी बोललो होतो शेठ, कॅटकॉन गेलाय म्हणून."

तोंडात मावा धरून, गिऱ्हाइकांसमोर, आज सकाळी आमच्या मिस्त्रीने हे ऐकवलं. कॅटकॉन म्हणजे माझ्या पिकअपच्या धुराच्या नळीतला, धूर साफ करणाऱ्या बारीक जाळीचा डबा. पहिल्याच दिवशी! अरे, पहिल्या दिवशी तू डिझेल फिल्टर बदललास. मग एअर फिल्टर. मग इंजेक्टर काढून पुण्याला टेस्टिंगला पाठवलेस, आणि ते परत येईस्तोवर माझा माल दुसऱ्याच्या टेम्पोतून भाडं भरून गेला. मग क्लच प्लेट. क्लच प्लेट! गाडी चढाला ओढत नाही, रेस वाढवली की गुदमरते, मागे नळीला हात धरला तर फुंकर मारल्याएवढी हवा येते, आणि हा क्लच प्लेट टाकतो. कॅटकॉनचं नाव मीच काढलं होतं. तेव्हा हा खाली वाकला, पान्याने ठोकलं, कान लावला आणि निकाल दिला, "वाजत नाय. चांगलाय."

अरे बाबा, आतली जाळी फुटली तर वाजेल. काजळीने गच्च बसलेली जाळी कशाला वाजतीय?

मग बिघाडाचा कोड दाखवणारा स्कॅनर लावला. "कोडच नाय शेठ." नसणारच! पेट्रोल गाडीला जाळीच्या मागे ऑक्सिजन सेन्सर असतो, तो बोंब मारतो, जाळी नीट काम करत नसल्याचा कोड, पी-0420 येतो. माझ्या 2017 च्या बीएस-4 डिझेल पिकअपला मागे सेन्सरच नाही, कोड काय आभाळातून पडणार? पण स्कॅनिंगचे पैसे बिलात आले. त्याखाली 'चेकिंग चार्ज' वेगळा.

म्हटलं, कॅटकॉनच्या पुढचं, इंजिनाकडचं फ्लँज, म्हणजे नळीचा जोड, ढिलं करून एक चक्कर मारू, धूर जाळीआधीच बाहेर पडेल, लगेच कळेल. तर म्हणे, "नट गंजलेत. स्टड तुटला तर माझ्या नावानं बोंबलू नका." शेवटी गंज सोडवायचं तेल रात्रभर मारून ठेवलं आणि रविवारी घरीच गाडीखाली शिरलो. एक स्टड तुटला, तुटू दे. माल भरून पसरणी घाटाला लावली. आवाज असा की समोरून येणारे गाडी बाजूला घेऊन बघत होते, पण जिथं दुसऱ्यावरून पहिल्यावर यायचो तिथं तिसऱ्यावर चढली! खंबाटकीला मागून एसटीवाल्यांचे हॉर्न खात ज्या शिव्या गिळल्या, त्या सगळ्या तिथं एकट्यानं मोठ्यानं दिल्या.

आणि आज हा म्हणतो, मी बोललो होतो.

पुढचं ऐका. "नवीन टाकू, जुना इथंच ठेवून जा, मी बघतो त्याचं." कालपर्यंत जो चांगला होता, त्याची आज एवढी माया? इको गाड्यांचे सायलेन्सर लोक रातोरात कापून नेतात ते काय पत्र्यासाठी? आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम असतं, हे मलाही वाचता येतं. नको म्हटल्यावर लगेच दुसरा तोडगा: "मग आतलं फोडून मोकळा करतो, स्वस्तात." आणि पीयूसी? "त्याचं टेन्शन घेऊ नका."

टेन्शन खरंच नाही. गेल्या वेळी गाडी चिमणीसारखी धूर ओकत होती. पीयूसीवाल्याने नाकाला रुमाल लावला, नंबर प्लेटचा फोटो काढला आणि सर्टिफिकेट दिलं. नळीत घालायचा प्रोब खिळ्याला टांगलेला. कायद्यात पीयूसी नसेल तर 10,000 पर्यंत दंड, आणि असेल तर ती अशी. सुट्टे नाहीत म्हणून उरलेले पैसे दिले नाहीत ते आणखी वेगळं.

घरी आता कुणी माझ्याशी गाडीवर बोलत नाही. मी तापमान मोजायची ती लाल ठिपक्याची गन मागवली, जाळीच्या पुढचं-मागचं तापमान बघायला. दिवसभर तीच हातात. चहाचं तापमान घेतो, तव्याचं घेतो. सौ. म्हणाली, "माझ्या डोक्याचं पण घ्या एकदा." सिग्नलला दुसऱ्याच्या गाडीचा धूर बघून निदान करतो, काच खाली करून सांगतोसुद्धा. परवा एका रिक्षावाल्याने मला 'काका, पुढं बघा' म्हटलं.

असो. खरा मुद्दा राहिलाच. फ्लँज उघडलं तेव्हा आत बोट फिरवलं, तर काजळी ओली. तेलकट, चिकट. म्हणजे टर्बोचं, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, सील गळतंय, तेल एक्झॉस्टला जातंय आणि तेच त्या जाळीवर जाऊन बसलंय. टर्बो तसाच ठेवून नवा कॅटकॉन टाकला तर तोही तसाच चोक होणार. ते काळं बोट मिस्त्रीच्या नाकासमोर धरलं. त्याने बघितलं, मावा थुंकला आणि म्हणाला, "आधी नवीन टाकून बघू. नाय फरक पडला तर मग टर्बो बघू."

टाकून बघू! फिल्टर टाकून बघितला, क्लच टाकून बघितला, आता कॅटकॉन टाकून बघू. अरे, तुझ्या खिशातून एकदा टाकून बघ की!