पत्ता एकदाच लिहा की ओ!

टॉवेलच्या एका ठोक पार्टीचं गोडाऊन अशोक चौकातून अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेलं. पत्ता बदलायचा, बस्स. पण ऑर्डरच्या टेबलात तो मालाच्या प्रत्येक ओळीत कोंबलेला! 340 ओळी. काल अपडेट मारला, 327 बदलल्या. उरलेल्या 13 तशाच, कारण अट होती शहर 'सोलापूर' आणि त्या ओळींत कुणी 'शोलापूर' लिहिलेलं, कुणी 'सोलापुर'. नवी ऑर्डर घेताना प्रोग्रॅम जुन्या ओळीतून पत्ता उचलतो. उचलली नेमकी त्या 13 मधली. आज गाठी अशोक चौकातल्या बंद शटरसमोर उतरल्या. टेम्पोचं भाडं दोनदा, हमाली दोनदा, आणि वर ऐकवतात, "टाइप करणाऱ्याची चूक." अरे लका, एक पत्ता 340 ठिकाणी लिहायला लावणाऱ्याची चूक आहे ती!

एडगर कॉडनं रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांना जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत, 1970 साली मांडलं. पोरं परीक्षेला थर्ड नॉर्मल फॉर्मची (टेबलं नीट वेगळी करायच्या नियमांतल्या तिसऱ्या पायरीची) व्याख्या घडाघडा लिहितात आणि कामाला बसली की मोबाइल1, मोबाइल2, मोबाइल3 असे कॉलम पाडतात. चौथा नंबर आला की शेऱ्यात!

या ऑर्डरच्या टेबलाची की, म्हणजे ओळ नेमकी ओळखायची खूण, ऑर्डर नंबर आणि माल कोड मिळून. चादरीचं माप नुसत्या माल कोडवर ठरतं, पार्टी नुसत्या ऑर्डर नंबरवर. कीच्या अर्ध्याच भागावर ठरणाऱ्या गोष्टी टेबलात आल्या, इथंच सेकंड नॉर्मल फॉर्म मोडला. पत्ता थेट कीवर नाही, पार्टीवर ठरतो, म्हणजे थर्डही गेला. म्हणून चार टेबलं करा: पार्टी, माल, ऑर्डर, ऑर्डरच्या ओळी. बिलाला लावलेला दर मात्र ओळीतच राहू द्या. तो त्या दिवसाचा दर आहे. माल टेबलातला चालू दर उद्या बदलला तर जुनी बिलं बदलता कामा नयेत. हे न कळता तोही उचलून नेणारे महाभाग आहेतच.

सगळं एकाच टेबलात असल्याचे आणखी ताप बघा: नव्या पार्टीची एकुलती एक ऑर्डर रद्द करून ओळ उडवली, तर जीएसटी नंबरही उडाला. नवी जेकार्ड चादर आली, पण ऑर्डर नाही म्हणून नोंदवता येईना. मग 'टेस्ट' नावाची पार्टी, नग शून्य. ती महिनाअखेरच्या यादीत दिमाखात!

आणि वेगळी टेबलं जोडून वाचायची, म्हणजे जॉइन करायची म्हटलं की ते पालुपद: "जॉइन केलं की स्लो होतं." काही हजार ओळींना? इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, टाकलाय का आधी? पोस्टग्रेस हा डेटाबेस फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडं बोट दाखवणाऱ्या कॉलमवर) आपोआप इंडेक्स बनवत नाही, तो आपणच टाकायचा असतो.

आता निस्तरायचं तर आधी बॅकअप. मग पार्ट्या नावावरून जुळवू नका, नावाची पाच स्पेलिंगं निघतील. 15 अक्षरी जीएसटी नंबरवर जुळवा, तो नसेल तिथं एकेक ओळ डोळ्यांनी बघा. त्या जीएसटी कॉलमवर युनिक लावा, म्हणजे तोच नंबर दोनदा घुसणार नाही; ऑर्डरमधून पार्टीला फॉरेन की जोडा, डिलीटला रिस्ट्रिक्ट ठेवा, म्हणजे ऑर्डर असलेली पार्टी उडवता येणार नाही. आणि शहर यादीतून निवडायला लावा, हातानं टाइप करू देऊ नका. 'शोलापूर' पुन्हा दिसलं तर बघा!