एकवीस दिवसांचा नेम आणि वहिनींचा एक खाडा

माझ्या थोरल्या वहिनींनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तळजाईवर पळायला सुरुवात केली. सोळा दिवस त्या पहाटे सहाला टेकडीवरच्या फाटकाशी माझ्याआधी हजर होत्या. सतराव्या दिवशी घरी पाहुणे मुक्कामाला होते म्हणून त्या आल्या नाहीत आणि अठराव्या दिवशी मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, माझा नेम मोडला. आता पुन्हा एकपासून मोजायचं तर माझ्याच्यानं होणार नाही." हा नेम त्यांना कोणी घातला याची चौकशी केली तेव्हा भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा, 'चाळिशीनंतर पळणाऱ्यांनी जरूर वाचावे' असा मथळा असलेला मजकूर समोर आला. तोच मजकूर मला त्याआधी आणखी तिघांनी पाठवला होता. त्यातल्या दाव्यांना उत्तर देणे आता टाळता येत नाही.

दावे चार आहेत. हृदयाचे ठोके जन्मतःच ठरलेले असतात आणि पळण्याने ते लवकर संपतात. चाळिशीनंतर पळाल्यास गुडघे झिजतात. पहाटे उठणे ज्याला जड जाते त्याच्या प्रकृतीला पळणे मानवत नाही. आणि सलग २१ दिवस पळाले तरच सवय लागते, एक दिवस जरी चुकला तरी आधीची सगळी मेहनत शून्य होते.

ठोक्यांचा दावा साध्या गुणाकारातही टिकत नाही. समजा, एखाद्याची नाडी एरवी मिनिटाला ७४ आहे आणि तो अर्धा तास १५० च्या गतीने पळतो; म्हणजे त्याचे २,२८० ठोके जास्त खर्च झाले. नियमित व्यायामाने काही महिन्यांत विश्रांतीची नाडी उतरते. ती केवळ पाचने उतरली, तरी उरलेल्या साडेतेवीस तासांत ७,०५० ठोके वाचतात. ठोक्यांचा साठा ठरलेला असतो हे गृहीत धरले, तरीही हिशेब पळणाऱ्याच्याच बाजूने लागतो.

गुडघ्यांच्या बाबतीत थोडे मान्य करावे लागते. डिसेंबरच्या मॅरेथॉनमध्ये नाव नोंदवून नोव्हेंबरात सरावाला लागणारी आणि पुढे महिनाभर लंगडणारी माणसे मी पाहिली आहेत. झेपेल त्याहून लवकर अंतर वाढवले तर दुखापत होतेच. पण हौसेने पळणाऱ्यांचे गुडघे बैठ्या माणसांपेक्षा लवकर झिजतात, असे अभ्यासांत दिसत नाही. २०१७ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावकांत ३.५ टक्के, न पळणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के आढळले. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहतात, हेही त्यामागचे एक कारण असू शकते आणि ज्यांचा गुडघा आधीच दुखतो त्यांनी डॉक्टरांना विचारूनच पळावे. तरीही चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना सरसकट घाबरवण्याला या आकड्यांत आधार सापडत नाही.

पहाटे उठणे जड जाते, हे तर प्रत्येक पळणाऱ्याच्या रोजच्या अनुभवातले आहे. मी नऊ वर्षे पळतो आहे आणि आजही पहिले दोन किलोमीटर पाय उचलत नाहीत. तिसऱ्यात कुठे श्वास लयीला लागतो, झाडीतून मोर ओरडतो आणि आलो ते बरे केले असे वाटते. जुलैत शेवाळलेल्या वाटेवर हळू चालावे लागते, गणपतीच्या दहा दिवसांत झोप पुरत नाही आणि दिवाळीत फराळानंतर अंग जड होते. या सगळ्यातून पळणे टिकते ते फाटकाशी कोणीतरी आपली वाट पाहत असते म्हणून. त्याचा प्रकृतीशी संबंध नाही.

या मजकुराने खरे नुकसान केले आहे ते चौथ्या दाव्याने. एकवीस हा आकडा आपल्याला लगेच पटतो, कारण दूर्वांची जुडी एकवीसची आणि नैवेद्याचे मोदकही एकवीस. परंतु सवयीच्या बाबतीत त्याचा उगम वेगळाच आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० च्या आपल्या पुस्तकात, शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असे निरीक्षण नोंदवले होते. पुढे सांगोवांगीत 'किमान' हा शब्द गळाला आणि चेहऱ्याच्या जागी प्रत्येक सवय आली.

प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २०१० साली छापल्या गेलेल्या या अभ्यासात ९६ जणांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एक नवी गोष्ट रोज करण्याचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत असल्याचा अंदाज निघाला. अभ्यास लहान आहे, हे खरे; पण वहिनींच्या कामाचा निष्कर्ष त्यातच आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे सोळा दिवसांत पोटऱ्यांत आलेले बळ आणि पहाटे आपोआप उघडणारे डोळे पाहुण्यांच्या एका मुक्कामाने पुसले गेलेले नाहीत.

शनिवारी मी हे सगळे वहिनींना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग मी त्यांना आईच्या सोळा सोमवारांची आठवण दिली. आमच्या घरी सुतक आले त्या वर्षी आईने मधले सोमवार धरले नाहीत, पुढचे धरले आणि व्रताचे उद्यापन वहिनींनीच सगळे हाताने रांधून पार पाडले होते. आई पहिल्या सोमवारापासून पुन्हा मोजायला बसली नव्हती. "ते खरं आहे," वहिनी म्हणाल्या आणि बूट गॅलरीत उन्हाला ठेवायला उठल्या. उद्या सहाला आम्ही फाटकाशी भेटणार आहोत आणि तो दिवस सतरावा धरणार आहोत.