कार्पेटची पाठ आणि तो व्हॉट्सॲप मेसेज

गेले दोन पावसाळे एक मेसेज आपल्या भागात फिरतो आहे. होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर आला, सोसायट्यांच्या ग्रुपवर आला, मला तर एकाच दिवशी तिघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: “कार्पेट घेताना उलटं करून बघा. पाठीला कागदासारखं कापड दिसलं तर घेऊ नका. त्याला नॉनवोवन म्हणतात. ते विणलेलं नसतं, प्लास्टिकच्या तंतूंचे थर नुसते चिकटवलेले असतात. सरकारने बंदी घातलेल्या पिशवीचंच हे कापड. थर सुटतात, दोन वर्षांत भुकटी पडते, हवा खेळत नाही म्हणून कोकणात बुरशी येते, वासाने कॅन्सर होतो. पूर्वीसारखी तागाची पाठ मागा. ताग नैसर्गिक आहे, श्वास घेतो.”

चिपळूणला आमचं फर्निशिंगचं दुकान आहे. मापं घ्यायला मी जाते, बसवायला आमचे फिटर. गुहागरच्या एका काकूंनी हा मेसेज वाचून तागाच्या पाठीचं कार्पेट मुंबईहून जास्त पैसे मोजून मागवलं आणि होमस्टेच्या दोन खोल्यांत घातलं. श्रावणात त्यांचा फोन आला, “अगं, खोलीत ओल्या गोणपाटाचा वास येतोय, पाहुणे राहत नाहीत.” तेव्हा ठरवलं की याचं उत्तर लिहायचंच. मेसेज साफ खोटा आहे म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण त्यात एक-दोन गोष्टी खऱ्याही आहेत. त्यांच्याकडे शेवटी येते.

आधी ही पाठ असते तरी काय, ते सांगते. आज बाजारात मिळणारं बहुतेक कार्पेट टफ्टेड असतं. म्हणजे ते गालिच्यासारखं विणलेलं नसतं. एका तयार कापडातून शेकडो सुया एकदम सूत खाली नेतात, खाली आकडी फासा धरून ठेवते, सुई वर येते. फासा तसाच ठेवला की लूप, सुरीने कापला की कट. ज्या कापडातून सुई जाते ती पहिली पाठ. टाके सुटू नयेत म्हणून तिच्यावर मागून लॅटेक्स, म्हणजे रबरासारखा चिकट लेप, फासतात आणि त्या लॅटेक्सवर दुसरं कापड चिकटवतात, ती दुसरी पाठ. आता मेसेजमधला ‘उलटं करून बघा’ हा सल्ला घ्या. उलटं केल्यावर दिसते ती दुसरी पाठ. टाके धरणारी पहिली पाठ मधे झाकलेली असते. बाहेरून ताग दिसणाऱ्या कितीतरी कार्पेटांत आतली पाठ पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचीच असते. काकूंच्या कार्पेटचा कोपरा आम्ही उकलला तेव्हा आत तेच निघालं.

“विणलेलं नाही म्हणजे कच्चं.” हे ऐकायला पटतं, कारण आपल्या डोक्यात कापड म्हणजे उभा-आडवा धागा. पण परसात जा आणि माडाच्या झावळीच्या बुडाशी खोडाला वेढून असतं ते तपकिरी जाळीदार कापड हातात घ्या. त्यात कोणी धागा धाग्याखालून काढलेला नाही. एका दिशेच्या तंतूंवर दुसऱ्या दिशेचे तंतू थराने बसलेले आहेत. ते हाताने फाडून बघा, तिरकं ओढून बघा. वाऱ्यात हेलकावणारी अख्खी झावळ ते सांभाळत असतं.

कारखान्यातलं नॉनवोवन याच तत्त्वावर चालतं. प्लास्टिकचे दाणे वितळवून बारीक भोकांतून तंतू काढतात, हवेच्या जोरावर ते ताणतात आणि सरकत्या पट्ट्यावर आडवेतिडवे अंथरतात. मग उष्णतेने किंवा काटेरी सुयांनी ठोकून ते एकमेकांत बांधतात. काही तंतू तर दुहेरी असतात, आत पॉलिएस्टरचा गाभा आणि वर नायलॉनची साल. साल सुमारे २२० अंशांना वितळते, गाभ्याला २५० च्या वर जावं लागतं. तापमान दोन्हींच्या मधे ठेवलं की जिथे तंतू तंतूला भेटतो तिथे साल वितळून सांधा बसतो आणि गाभ्याची ताकद तशीच राहते.

सुईच्या दृष्टीने पाहिलं तर प्लास्टिकच्या पट्ट्या विणून केलेल्या कापडात सुई पट्टीवर आली की ती चिरते, नाहीतर स्वतःच थोडी बाजूला सरकते आणि टाक्यांची ओळ हलते. नॉनवोवनमध्ये तंतू सरकून सुईला वाट देतात आणि टाक्याभोवती पुन्हा आवळतात. बारीक नक्षी सरळ यावी म्हणून कारखाने मुद्दाम हे कापड वापरतात. शिवाय कुठेही कापलं तरी त्याच्या कडेचे दोरे निघत नाहीत. आमच्या फिटरला विचारा, खांबाभोवती गोल कापताना कुठलं कार्पेट हातात असावं असं त्याला वाटतं.

“प्लास्टिकचे थर सुटतात, भुकटी पडते.” इथे मेसेज लिहिणाऱ्याने थरांची गल्लत केली आहे. थरांची पाठ करतात ती कामं वाटून देण्यासाठी. एक थर टाका घट्ट धरतो, दुसरा ताण सोसतो. कधी विणलेल्या पट्ट्यांवर तंतूंचा पापुद्रा ठोकलेला असतो, कधी दोन तंतुजाळ्या उष्णतेने जोडलेल्या असतात, तर कार्पेट टाइलमध्ये, म्हणजे चौकोनी तुकड्यांत मिळणाऱ्या कार्पेटमध्ये, मापं हलू नयेत म्हणून काचतंतूंचा एक पातळ थर घालतात. पहिल्या पाठीचे थर सुटतील कसे? इंचाला १० सुया आणि इंचाला ८ टाके धरले तर एका चौरस फुटात ११,५२० टाके त्या थरांतून आरपार गेलेले असतात. मशीनने त्यांची गोधडीच शिवलेली असते.

सुटते ती दुसरी पाठ, आणि ती सुटते लॅटेक्समुळे. लॅटेक्स कमी फासलं, भट्टीत नीट सुकलं नाही, किंवा शाम्पूवाल्याने बादलीभर पाणी ओतून कार्पेट भिजवलं की पकड जाते. तागाची पाठही त्याच लॅटेक्सने चिकटवतात, म्हणजे सुटायचा धोका तिलाही आहेच.

भुकटीचंही तेच. गेल्या वर्षी एका सभागृहातलं जुनं कार्पेट उचललं, तर खाली पीठ चाळल्यासारखी पांढुरकी भुकटी. तिथले लोक म्हणाले, बघा, प्लास्टिक झडलं. मी चहाच्या टपरीवरून अर्धं लिंबू आणलं आणि चिमूटभर भुकटीवर पिळलं. फसफसून बुडबुडे आले. प्लास्टिक लिंबाने फसफसत नाही. चुनखडी फसफसते. लॅटेक्स स्वस्त आणि दाट व्हावं म्हणून त्यात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीची पूड, मिसळतात. वर्षानुवर्षं पायाखाली तुडवून लॅटेक्स जुनं झालं की ते दाणे मोकळे होतात. पाठीचं कापड त्या दिवशी आम्ही दोन बाजूंनी ओढलं, फाटलं नाही.

“बंदी घातलेल्या पिशवीचं कापड.” महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेत पॉलिप्रोपिलीनच्या नॉनवोवन पिशव्या होत्या, हे खरं. बंदी पिशवी बनवण्यावर, विकण्यावर आणि वापरण्यावर होती. कार्पेटच्या पाठीचा तिथे उल्लेखही नाही. बाजारहाटाची ती पिशवी खिडकीत टांगली की पुढच्या वर्षी हातात तुकडे येतात, हा आपला सगळ्यांचा अनुभव. पण ते ऊन खाऊन झालेलं असतं. पॉलिप्रोपिलीनला उन्हातले अतिनील किरण मारतात, आणि कार्पेटची पाठ जन्मभर सुताखाली, अंधारात पडून असते.

“हवा खेळत नाही, म्हणून बुरशी. ताग श्वास घेतो.” मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हाच, कारण याच्यावर विश्वास ठेवून लोक नेमकी उलटी वस्तू विकत घेतात.

करोनाच्या दिवसांत आपण जो निळा मास्क लावून फिरत होतो, तो पॉलिप्रोपिलीनच्या नॉनवोवनचे तीन थर होते. त्यातूनच श्वास घेतला ना आपण? तंतूंच्या जाळीतून हवा जाते. कार्पेटमध्ये हवा अडवतं ते लॅटेक्स, आणि टाइल असेल तर तिच्या खालचा पीव्हीसी किंवा डांबराचा थर. तागाच्या पाठीमागेही लॅटेक्सची तीच भिंत उभी असते. मग ताग श्वास घेतो तो कुठून?

ताग घेतो ते पाणी. वस्त्रोद्योगात ठरवलेल्या प्रमाण हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेला, ताग स्वतःच्या वजनाच्या १३ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून बसतो. नायलॉन ४ टक्के, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पॉलिप्रोपिलीन जवळजवळ काहीच नाही. आणि आपल्याकडे आषाढात ६५ टक्के आर्द्रता कुठे असते? मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, चपलांना पांढरी लव येते. बुरशीला ओल लागते आणि खायला लागतं. ताग म्हणजे सेल्युलोज, ते तिचं आवडतं अन्न. पॉलिएस्टर ती खाऊ शकत नाही. भाताची पोती रचताना खालच्या गोणपाटाचं काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या दुकानात वाशिष्ठीचं पाणी आलं. पाणी ओसरल्यावर कुजका माल बाहेर काढताना दोन तुकडे जिन्याच्या कठड्यावर शेजारी-शेजारी पडले होते, एक तागाच्या पाठीचा, एक नॉनवोवनचा. चार दिवसांनी तागाचा तुकडा आखडून त्याच्या कडा आत वळल्या होत्या आणि पाठीतला तपकिरी रंग सुतातून वर चढून क्रीम रंगावर चहा सांडल्यासारखे पट्टे उमटले होते. पाण्याने तागाचे धागे फुगतात, त्यामुळे कापड आखडतं आणि जोड उघडे पडतात. दुसऱ्या तुकड्याचं माप इंचभरही हललं नव्हतं. लॅटेक्स मात्र त्याचंही दोन ठिकाणी सुटलं होतं, आणि पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं म्हणून टाकून दिले आम्ही दोन्ही. तरी ते तपकिरी पट्टे मी विसरलेले नाही.

एक सांगायला हवं, सिंथेटिक पाठ असली म्हणजे बुरशी येणारच नाही असं नाही. कार्पेटमध्ये अडकलेली धूळ, केस, सांडलेलं खाणं यांच्यावर ती वाढते. पाणी सांडलं तर २४ ते ४८ तासांत कार्पेट आतून सुकलं पाहिजे, पाठ कसलीही असो.

वासाचं थोडक्यात. नव्या कार्पेटचा तो ओळखीचा वास येतो लॅटेक्समधल्या ४-फेनिलसायक्लोहेक्झीन नावाच्या द्रव्यामुळे. त्याचा नॉनवोवनशी संबंध नाही, आणि तागाच्या पाठीच्या नव्या कार्पेटलाही तो येतो. पंखा लावून, खिडक्या उघड्या ठेवून खोली दोन-तीन दिवस मोकळी ठेवा.

“पूर्वीसारखी.” १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या डाल्टनच्या गिरण्यांत टफ्टेड कार्पेट वाढलं, तेव्हा पाठीचा ताग आपल्या बंगालमधून, दोन्ही बंगालांतून, जात असे. मग तो सोडून कारखाने सिंथेटिककडे का वळले? भाव आणि पुरवठा सतत वर-खाली व्हायचा, आणि ओल लागली की ताग आखडायचा, कुजायचा.

आता मेसेजमधलं खरं. तळमजल्यावर जांभ्याचं जुनं घर असेल, फरशीखाली ओल अडवणारा थर नसेल, तर जमिनीतून पाणी वर चढतंच. त्यावर लॅटेक्स किंवा पीव्हीसीचं झाकण पडलं की ओल खाली कोंडते आणि वास सुटतो. दोष पाठीला लागतो, पण कार्पेट तिथे घालायलाच नको होतं. घालण्याआधी दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक फरशीवर चारी कडांनी टेपने बंद करून किमान १६ तास ठेवा. उचलल्यावर आत दव दिसलं किंवा फरशी काळसर झाली तर थांबा. विकणारा ही परीक्षा करत नसेल तर तुम्ही करा.

आणि प्लास्टिक कुजत नाही, हेही खरं. पुरानंतर आम्ही टाकलेल्या ढिगात कार्पेटं किती होती ते मला माहीत आहे. पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलकं, त्याचा तुकडा खाडीत गेला की तरंगत समुद्रापर्यंत जातो. नायलॉनचं सूत, पॉलिप्रोपिलीनची पाठ, चुनखडीचं लॅटेक्स असं एकात एक गुंतलेलं कार्पेट पुन्हा वितळवून वापरणं फार अवघड. म्हणून सूत आणि पाठ दोन्ही पॉलिएस्टरचे ठेवायचे प्रयत्न सुरू आहेत. पण दुसरी पाठ तागाची केल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण तिच्या वरचं सगळं तेच राहतं. नैसर्गिकच हवं असेल तर आपल्या दाराशी काथ्या आहे. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कणखर ठेवणारं द्रव्य, तागापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ओलीत तो तागापेक्षा खूप जास्त टिकतो.

काकूंच्या दोन्ही खोल्यांतलं कार्पेट आम्ही काढलं आणि फरशीवर दुपारी प्लास्टिक चिकटवून सकाळपर्यंत ठेवलं. खालच्या खोलीत सकाळी थेंब जमले होते. वरची खोली ठणठणीत कोरडी निघाली, आणि तरीही तिथल्या तागाला तोच वास होता, तो नुसत्या हवेतल्या दमटपणाने. वर नॉनवोवन पाठीच्या टाइल घातल्या. खाली कार्पेट घालायचं नाही म्हणून मी सांगितलं, काथ्याची चटई दिली. काकू ती रोज सकाळी उचलून पडवीच्या कठड्यावर टाकतात.