उभ्यानं झोपणाऱ्याची गादी

घोडं उभ्यानं झोपतं, हे ज्ञान आमच्याकडे दर पारावर फुकट मिळतं. घोडीच्या खाली गादी म्हणून अंथरायला कुटाराची, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या काडीकचऱ्याची, ट्रॉली उतरत असली की हटकून कोणीतरी जवळ येतं, बिडीचा शेवटचा झुरका घेतं आणि म्हणतं, "काहून जी, घोडं त उभ्यानंच झोपते न? मंग त्याले गादी कायले?" याचं उत्तर द्यायच्या भानगडीत मी पडत नाही. तो प्रश्न नसतो, निकाल असतो.

निकाल अर्धा बरोबर आहे. डुलकी घोडं उभ्यानंच घेतं. पायांच्या सांध्यांना आतून खिट्टी बसते, त्यामुळे स्नायूंना फार ताण न देता ते तासन्‌तास उभं राहू शकतं. पण ज्या झोपेत अंगातलं त्राण पार सुटतं, ती त्याला आडवं पडूनच घ्यावी लागते. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास पुरते, पण लागते. खाली ओल असली, जमीन टोचत असली, की घोडं आडवं होणं टाळतं. ही उधारी साचत गेली की एखाद्या दिवशी उभ्या उभ्याच गुडघे दुमडतात. वरातीच्या घोडीच्या पाठीवर तेव्हा कोण बसलेलं असतं, हे सांगायला नको. तो बिचारा आधीच घाबरलेला असतो.

तेव्हा गादी लागतेच. आणि या गादीच्या बाबतीत पंचांगानं घोडीवाल्याशी उभा दावा मांडला आहे. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि घोडी उन्हाळाभर कमावते. त्या दिवसांत विदर्भात नळसुद्धा कोरडे, मग बाकी काही ओलं कुठून असणार? आषाढी एकादशी आली की मुहूर्त बंद. घोडी दिवसभर कोठ्यात, उत्पन्न शून्य, मूत पूर्ण. गादी सर्वांत जास्त तेव्हाच लागते आणि तेव्हाच गावात कोरडी म्हणून एक काडी सापडत नाही. सापडलीच तर विकणारा तिच्यावर ताडपत्रीचं भाडंही लावतो. म्हणून श्रावणाची गादी होळीच्या आसपासच भरून ठेवायची. ज्याला हे पटत नाही, त्यानं घोडं न घेता मोटारसायकल घ्यावी.

आता हिशेब. साडेतीनशे-चारशे किलोची घोडी दिवसाला ६ ते १० लिटर मुतते आणि १५ ते २० किलो लीद टाकते. लीद त्यातल्या त्यात सज्जन. गोळे असतात, घमेल्यात उचलता येतात. त्रास मुताचा. घोड्याचं मूत मुळात गढूळ आणि चिकट, त्यात चुन्याचे बारीक कण असतात. आणि नवी कोरडी गादी अंथरली की घोडी पहिलं काम तेच करते. यात खोडसाळपणा नाही, कडक जमिनीवर मुतलं की शिंतोडे पायांवर उडतात आणि घोड्याला ते आवडत नाही. मऊ काही दिसेपर्यंत ती धरून ठेवते, इतकी ती व्यवस्थित. आपण मात्र घाम पुसत, फावड्याला टेकून, त्या व्यवस्थितपणाकडे बघत राहतो.

कोठा १० बाय १२ फुटांचा धरा. त्यात ६ इंच जाड थर म्हणजे ६० घनफूट माल, ५० किलो धान्याच्या प्लास्टिक कट्ट्यांच्या मापानं चोवीस-पंचवीस कट्टे. गव्हाचं कुटार हलकं, साधारण एका क्विंटलमध्ये हा थर बसतो. लाकडाचा भुसा वजनदार, त्याला अडीच ते साडेतीन क्विंटल लागतील. हा झाला पाया. त्यावर रोज ओलं काढून नवं टाकायचं ते चार-पाच किलो, म्हणजे चातुर्मासाचं पाच-सहा क्विंटल. हा आकडा ऐकून घरचे जे म्हणतात, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माल घेताना बघायची ती एकच गोष्ट: एक किलो कोरडा माल किती पाणी धरतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. जुन्या धोतराच्या पुरचुंडीत एक किलो माल बांधा, रात्रंदिवस बादलीत बुडवून ठेवा, मग अर्धा तास टांगून निथळू द्या आणि वजन करा (तेवढ्याच ओल्या धोतराचं वजन वजा करायला विसरू नका). तीन किलो भरलं तर त्यानं दोन लिटर धरलं. गव्हाचं काड साधारण वजनाच्या दुप्पट पाणी धरतं, मऊ लाकडाचा कोरडा भुसा अडीचपट. आता किलोच्या भावाला या लिटरांनी भागा. समजा कुटार ४ रुपये किलो, धरतं २ लिटर: लिटरला २ रुपये. भुसा ६ रुपये किलो, धरतो अडीच: लिटरला २ रुपये ४० पैसे. स्वस्त-महाग इथं ठरतं, ट्रॉलीच्या आकारावर नाही. ट्रॉलीत निम्मी हवाच असते आणि भाडं त्या हवेचंही द्यावं लागतं. म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरच्या पलीकडून गादी आणणं म्हणजे वारा विकत घेणं.

जवळचं तेच चांगलं म्हटलं, तर मग जवळ काय आहे? भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाचं तणस आणि राईस मिलचा तूस. वऱ्हाडात सोयाबीन, तूर, हरभरा, गव्हाचं कुटार. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला आरामशिनींवरचा भुसा.

तुसाबद्दल लोकांचा फार गैरसमज. तो हलका असतो, सुटा असतो, दिसायला गादीसारखाच दिसतो, पण पाणी पीत नाही. धानाच्या टरफलाचं अंग सिलिकाचं. मूत त्याच्यातून सरळ खाली जातं आणि तळाशी तळं साचतं. वरून हात फिरवला तर कोरडं, घोडीचे खूर मात्र खाली पाण्यात. जमीन उताराची असेल, १० फुटाला दोन इंच तरी, आणि मागे नाली असेल, तर तळाला तीन इंच तूस आणि वर तणस ही जोडी झकास चालते. पाणी तूस खाली सोडतो, वरचं तणस कोरडं राहतं. काळ्या मातीच्या सपाट कोठ्यात हाच तूस टाकला तर आठवड्यात धानाची रोवणी लावता येईल. आधी मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसून घ्यावा.

तणस चांगलं, पण ते घोडी खाते. गव्हाचं कुटार तर चवीनं खाते. आपण अंथरायचं, तिनं पंगत समजायची. एकदम फार कोरडं काड पोटात गेलं आणि पाणी कमी पडलं की आतड्यात बोळा बसतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ झाला की डॉक्टरला फोन करण्यावाचून इलाज नसतो आणि डॉक्टर नेमका तालुक्याला असतो. यावर साधा उपाय असा: गादी बदलायच्या आधी घोडीला चारा पोटभर घालायचा. भुकेल्या घोडीसमोर नवी गादी अंथरू नये. जुनं कोरडं काड वर आणि नवं खाली, असा उलटा थर दिला तरी तिचा उत्साह मावळतो.

सोयाबीनचं कुटार सर्वांत स्वस्त, कारण गाई-म्हशीही त्याला नाक मुरडतात. शेंगांची टरफलं पाणी बरं धरतात. पण त्यातल्या काड्या ताठ आणि टोकदार असतात, धूळ विचारू नका, आणि मळणीतून सुटलेले दाणे असतात. घोडी ते दाणे रात्रभर एकेक करून शोधते. कच्चं सोयाबीन तिच्या पोटाला झेपत नाही. तेव्हा मोठ्या भोकाच्या चाळणीनं चाळून घ्यायचं आणि जाड काड्या चुलीला घालायच्या. दिवाळीच्या आगेमागे सोंगणीला पाऊस लागलेलं कुटार काळं पडतं. ते फुकट दिलं तरी घेऊ नये. त्यातली बुरशी घोडीच्या छातीत जाऊन बसते आणि खोकला महिनोन्‌महिने हटत नाही. कपाशीच्या पराट्या आणि तुरीच्या तुराट्या, म्हणजे वाळलेल्या ताठ काड्या, यांचा तर विचारही करू नये. ते अंथरूण भीष्मांसाठी ठीक होतं.

आरामशिनीवरचा भुसा हा सगळ्यांचा लाडका, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसवणारा. पहिली गोष्ट, लाकूड कोणतं? आपल्याकडे साग फार. साग मुळात तेलकट, पाणी अंगाला लावून घेत नाही, म्हणून तर त्याची दारं-खिडक्या करतात. जे लाकूड पावसात चाळीस वर्षं पाणी पीत नाही, त्याचा भुसा घोडीच्या मुतासाठी कसा काय तहानलेला असेल? वर त्याच्या बारीक धुळीनं सुतारांच्याच अंगाला खाज सुटते. अमेरिकेत काळ्या अक्रोडाच्या भुशानं घोड्यांच्या खुरांना सूज येऊन ते लंगडतात, हे माहीत आहे. आपल्याकडे ते झाड नाही, पण लाकूड विचारून घेण्याची सवय लागायला तेवढं पुरे. दुसरी गोष्ट ओल. ओल्या लाकडाच्या भुशानं स्वतःचंच पाणी धरलेलं असतं, तो आणखी काय धरणार? मुठीत दाबा, लाडू वळला तर परत टाका. शंका असेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत थोडा भुसा आणि चिमूटभर मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर माल ओला. ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं तर ढीग कुजायला लागलेला आहे, भलेही विकणारा "कालच कापला जी" म्हणून शपथ घेवो.

सुताराकडचा रंध्याचा भुगा त्यापेक्षा बरा. धूळ कमी, फुगीर, मऊ. फक्त प्लायवुड आणि चिकटवलेल्या फळ्यांचा नको, त्यात डिंक-रसायन असतं. खिळे तर हमखास. बँडवाल्याच्या जळलेल्या कर्ण्याचं मोठं चुंबक काठीला बांधून भुग्यातून दोनदा फिरवा. बँडवाला आणि घोडीवाला यांच्यातला हा एकमेव उपयुक्त व्यवहार. नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याकडच्या कारखान्यांतून सामानाच्या पाइनच्या पेट्या निघतात, त्यांचा भुगा मिळाला तर नशीब. पेटीवर 'एचटी' शिक्का असेल तर लाकूड फक्त तापवलेलं आहे. 'एमबी' असेल तर त्याला विषारी धूर दिलेला आहे, ती पेटी सोडून द्या.

रद्दी पाणी झकास पिते, पण वरातीची घोडी पांढरी असते. ओल्या छापाची शाई तिच्या कुशीवर उमटली की वऱ्हाडी मंडळी नवरदेव सोडून घोडी वाचत बसतात.

रोजचं काम असं: सकाळी आधी लीद उचला, मग कोरडं दाताळ्यानं भिंतीकडे ओढा, ओलं फावड्यानं काढा, जमीन तासभर उघडी ठेवा, मग कोरडं परत पसरा आणि भिंतीलगत फूटभर उंच बांध ठेवा, म्हणजे घोडी लोळताना भिंतीला अडकत नाही. घोडीची ओल बहुतेक मागच्या भिंतीलगत सापडते, घोड्याची मधोमध, त्यामुळे सगळी गादी उपसायची गरज नसते. वास आहे की नाही, हे दारात उभं राहून ठरवू नका. घोडी आडवी पडते तिथं, गादीजवळ नाक नेऊन बघा. डोळे चुरचुरले तर ओल राहिली आहे.

या वासावर गावाचा ठरलेला सल्ला: "चुना मारा भाऊ." मारू नका. चुन्यानं मुतातला अमोनिया उलट जोरात सुटतो, राखेनंही तेच. चुना मारल्यावर डोळ्यांत पाणी येतं त्याला लोक स्वच्छतेचा पुरावा मानतात. वर खुरांच्या मधला मऊ भाग जळतो, तो वेगळाच. ओलं उचलणं हाच एक इलाज, आणि तो फुकट असल्यामुळे कोणाला पटत नाही.

उरला उकिरडा. कुटाराची लीद शेतकरी हसत नेतो. भुशाची न्यायला आला तर पुढच्या वर्षी परत येत नाही, कारण कच्चा भुसा कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतो आणि कपाशी पिवळी पडते. भुशाचं खत वर्षभर कुजवा, दोन-तीनदा खालीवर करा, थराथरात सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरा, तो अमोनिया धरून ठेवतो. ढिगाखाली उधई (वाळवी) लागते, म्हणून कोठ्याच्या लाकडी खांबापासून लांब. आणि जागा वारा बघून ठरवा. आपल्याकडे पावसाळ्याचा वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणजे उकिरडा घराच्या ईशान्येला हवा. ईशान्येला देवघर असावं, असं वास्तुवाला सांगतो. त्याचं ऐकून ढीग नैऋत्येला घातलाच, तर त्याला एकदा भाद्रपदात जेवायला बोलवा आणि पाट त्या ढिगाकडे तोंड करून मांडा.